नऊ नंबरचं गोचीड

“गोचीड व्हतं,” कोंडिबामामा म्हणाले. “लई मोठं. हरभऱ्याएवढं. काढलं.”

मी अजून पाठीवरची सॅकसुद्धा उतरवली नव्हती. साताऱ्याच्या ऑफिसात दोन दिवस ट्रेनिंग करून सकाळी पाटणवरून कंपनीच्या जीपनं वर आलो होतो. केबिनचं दार ढकललं आणि सवयीनं आधी टेबलाखालच्या पेटीकडं बघितलं. नऊ नंबर पेटीत गरागरा फिरत होती. भिंतीला पाय लावायची, परत खाली, परत फिरायची. आणि तिच्या मागं काही नव्हतं.

“काय काढलं?”

“गोचीड म्हणतो की. बुडाला चिकटलेलं. बिचारी दिसभर वढत फिरती. म्या म्हणलं, इंजनेर यायच्या आत मोकळी करू हिला.” मामांनी करगोट्याला बांधलेला काटे काढायचा चिमटा हातात धरून दाखवला. “लई खळखळ केली तिनं. चिमट्याला डसली बघ.”

“आणि टाकलं कुठं?”

“चुलीत. फट्‌दिशी वाजलं.”

मामा हसत होते. मी शाबासकी देईन असं वाटत होतं त्यांना.

नऊ नंबर म्हणजे माझी कोळीण. लांडगा कोळी म्हणतात त्या जातीची मादी. नऊ नंबरच्या पवनचक्कीच्या पायाशी सापडली म्हणून तेच नाव. आणि ते गोचीड नव्हतं, तिच्या अंड्यांची पिशवी होती. शंभर-सव्वाशे अंडी असतील. ह्या कोळणी पिशवी स्वतःच्या धाग्यानं विणतात, पोटाच्या टोकाला चिकटवतात आणि पिल्लं निघेपर्यंत जिथं जातील तिथं घेऊन फिरतात. खाली ठेवत नाहीत. झोपताना पण नाही.

बाविसावा दिवस होता. मी कॅलेंडरवर रोज खूण करत होतो.

“अंडी होती ती!” मी ओरडलो. “आठ दिवसांत पिल्लं निघणार होती! अक्कल आहे का तुम्हाला मामा? हात लावायला कुणी सांगितलं होतं?”

मामांचं हसू थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं. त्याला जायला कुठं जागा मिळाली नाही असं.

“अंडी? बुडाला बांधून?”

“कागदावर लिहून दिलं होतं ना! पहिलंच वाक्य! गोळ्याला हात लावू नये!”

“कागुद हाय,” मामा म्हणाले. पटक्याच्या घडीत बोटं घालून त्यांनी माझा कागद बाहेर काढला. मी घातलेल्या चार घड्या तशाच होत्या. “जपून ठिवलाय. भिजाय नको म्हणून.”

“उघडलासुद्धा नाहीत?”

“मला कुठं वाचाया येतंय, पोरा.”

वर्ष उलटून गेलं होतं आम्हाला एकत्र काम करून. हजेरीच्या वहीत ते रोज ‘कोंडिबा’ अशी सही करायचे, डोंगराच्या ओळीसारखी वरखाली अक्षरं. मी कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मला ह्याची लाजही वाटली नाही. उलट आणखी राग आला.

“मग घेतलात कशाला कागद?”

“तू दिलास म्हणून.”

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, घोंगडी उचलली आणि बाहेर जाऊन ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाजवळ बसले.

पाटणच्या वरच्या त्या पठारावर बावीस चक्क्या होत्या. त्यातल्या आठ माझ्याकडं. मी आयटीआय केलेला वायरमन, पण मामा मला ‘इंजनेर’च म्हणायचे. आधी चेष्टेनं, नंतर सवयीनं. पत्र्याचा एक कंटेनर, त्यात कंट्रोलचं पॅनल, खाट, टेबल, गॅस. बाहेर तीन दगडांची मामांची चूल, कारण गॅसवरचा चहा त्यांना पचत नसे. मामा दिवसाचे वॉचमन. त्यांचा धनगरवाडा पठाराच्या पलीकडच्या कड्याला, पाऊण तास चालत. सहा वाजले की जायचे. त्यानंतर मी आणि पात्यांचा आवाज. तो आवाज सारखा असतो, त्यामुळं काही दिवसांनी ऐकू येत नाही. मग काहीच ऐकू येत नाही.

कोळ्यांचा नाद तिथंच लागला. एकदा दिवेलागणीला टॉर्च कपाळाला लावून दोन नंबरकडं चाललो होतो, तर गवतात हिरवट ठिपके चमकायला लागले. दहा, वीस, पन्नास. दव असेल म्हणून वाकून बघितलं. डोळे होते. सगळ्या पठारावर मी एकटाच नाही एवढं कळलं. हसू नका, बरं वाटलं होतं मला.

पहिला कोळी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला. उंच बरणी, झाकणाला दोन भोकं, खिडकीत. म्हटलं उजेड लागत असेल. अकरा वाजता ऊन आलं आणि साडेअकराला तो पाय आवळून उताणा. पुढच्या वेळी दोन आणले, एकमेकांना सोबत होईल म्हणून. सकाळी एकच होता, आणि त्याचं पोट मोठं होतं. सोबत हा माझा विचार होता, त्यांचा नाही.

मग शिकलो. कुणी शिकवणारं नव्हतं. खाली गेलो की मोबाईलवर मिळेल ते उतरवून आणायचं, वर बसून दहा दहा वेळा बघायचं, चुका करायच्या. हे कोळी जाळं विणत नाहीत, जमिनीवर पळून शिकार करतात. म्हणजे त्यांना उंची नको, जमीन पाहिजे. म्हणून भंगारात पडलेली मीटरची पेटी घेतली, आडवी, पारदर्शक झाकणाची. चार बोटं माती, पठारावरचीच, तव्यावर भाजून घेतलेली, म्हणजे मुंग्या नकोत. एक कोपरा कायम ओलसर. बीळ करायला एक झाडाची साल तिरकी. पाणी बाटलीच्या टोपणात, आणि त्यात खडे, नाहीतर ते बुडतात. सुई तापवून बारीक बारीक भोकं. एका पेटीत एकच. आठवड्याला दोन रातकिडे, न खाल्लेला बाहेर काढायचा. आणि पेटी सावलीत.

मामा पहिल्यांदा बघून म्हणाले होते, “म्हस पाळावी, शेळी पाळावी. ह्यो काय धार देतो व्हय?”

“सोबत देतो.”

“बोलतो का?”

“नाही.”

“मग तुझ्यासारखाच हाय की.”

पण दुसऱ्या दिवसापासून काडेपेटीत नाकतोडे घालून आणायला लागले.

नऊ नंबरनं पिशवी केली त्या वेळी मामा सुट्टीवर होते. नाचणीची काढणी होती, तीन आठवडे आलेच नाहीत. पहाटेपासून सकाळी आठपर्यंत मी खाटेवर पालथा पडून बघत होतो. तिनं आधी पांढरी चकती विणली, तिच्यात अंडी घातली, मग कडा उचलून आत वळवत आणली आणि गोल फिरवत फिरवत बंद केली. आई पुरणाचा उंडा बंद करायची तसंच. शेवटी पिशवी मागं लावली आणि दोन पावलं चालून बघितली, नीट बसलीय का ते.

मला ते कुणाला तरी सांगायचं होतं. कुणी नव्हतं. मी कॅलेंडरवर १ लिहिलं.

मामा परत आले त्याच सकाळी मला साताऱ्याला जायचं होतं. जीप हॉर्न वाजवत होती. मी कागद त्यांच्या हातात कोंबला, “सगळं लिहिलंय” म्हणालो आणि पळालो. एवढंच. तोंडानं एक वाक्य बोललो असतो तर?

त्या दिवशी मामा केबिनमध्ये परत आले नाहीत. भाकरी पण बाहेरच खाल्ली. दुपारी साईटचा फोन वाजला. तो खिडकीच्या गजाला टांगलेला असायचा, कारण रेंज तेवढीच होती. मी हलत नाही हे बघून मामा आले, फोन घेतला आणि बोलत बोलत लांब गेले. दहा मिनिटांनी फोन परत टांगला.

“तुझ्या आयचा व्हता.”

“बरं.”

“दोन दिसात चार येळा आला.”

“बरं म्हटलं ना.”

हे नेहमीचंच होतं. माझ्या मोबाईलवर मी तिचा नंबर ब्लॉक केलेला, म्हणून ती साईटवर करायची. दिवसा मामा उचलायचे. मामा सुट्टीवर असताना तो वाजून वाजून बंद व्हायचा आणि मी उगाच बाहेर जाऊन केबल तपासायचो. ती मामांशी काय बोलते हे मी कधी विचारलं नाही.

ह्याचं कारण सांगतो. सांगायला फार नाही.

आयटीआयनंतर मला डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात ॲडमिशन मिळत होतं. जात पडताळणीसाठी जन्माचा दाखला लागणार होता, शाळेचा चालणार नव्हता. आईनं सांगितलं, तुझा जन्म कडेगावला मावशीकडं झाला, नोंद तिथं असेल. मी ग्रामपंचायतीत जाऊन उतारा काढला. तारीख बरोबर. नाव लिहिलेलं नव्हतं, नुसतं ‘मुलगा’. आईचं नाव शालन. म्हणजे मावशी. वडिलांचं नाव मावशीच्या नवऱ्याचं.

क्लार्कला म्हटलं चुकलंय. तो म्हणाला, आमचं चुकत नाही, घरी विचारा.

घरी आलो तेव्हा आई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. कागद तिच्यापुढं धरला. तिनं वाचला. हात पुसले.

“हो,” म्हणाली.

“हो काय?”

“शालननं दिला तुला. अडीच महिन्यांचा होतास.”

“मला कधी सांगणार होतीस?”

तिनं विचार केला. खरंच केला, ते दिसत होतं. मग म्हणाली, “सांगायचं काय त्यात?”

ॲडमिशन गेलं. दोन कागदांवर दोन बाप. पण मी त्याच्यासाठी घर नाही सोडलं. ह्या वाक्यासाठी सोडलं. एकवीस वर्षं खोटं, आणि वर, सांगायचं काय त्यात. अण्णा, म्हणजे ज्यांना मी बाप समजत होतो, मी दहावीत असतानाच गेले होते. त्यांना विचारायची सोय नव्हती. आठ दिवसांत ही नोकरी बघितली, जेवढी लांब आणि जेवढी उंच मिळाली तेवढी. तेव्हापासून एक वर्ष आणि चार महिने.

दुसऱ्या दिवशी पण नऊ नंबर शोधतच होती.

मी वाचलं होतं की शोधतात. बघितलं नव्हतं. पेटीचा एकेक कोपरा ती पुढच्या पायांनी चाचपायची. सालीखाली जायची, बाहेर यायची, परत जायची. आधी जिथं बघितलं तिथंच परत. रातकिडा टाकला तर तो तिच्या पायावरून गेला, तिनं बघितलंसुद्धा नाही. मी त्याला काढून घेतला. संध्याकाळी तिनं पाण्याच्या टोपणातला एक खडा ओढायला सुरुवात केली. जड होता. निघाला नाही. बराच वेळ ती त्या खड्याला धरून बसली होती.

मामा सहाला निघताना दाराशी थांबले.

“जातो इंजनेर.”

मी पॅनलकडं बघत राहिलो. त्यांची पावलं गवतातून लांब गेली ती ऐकू आली. म्हणजे पात्यांचा आवाज सोडून काहीतरी ऐकू येत होतं. त्या रात्री मी जेवलो नाही. मामांनी केबिनच्या पायरीवर फडक्यात दोन नाचणीच्या भाकऱ्या ठेवल्या होत्या, त्या सकाळी दिसल्या. मुंग्या लागल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी नऊ नंबरनं मातीचं ढेकूळ उचललं.

बारीकसं, गोल. तिनं ते पुढच्या पायांनी फिरवून बघितलं, मग वळून त्याच्यावर पोट टेकवलं आणि धागा सोडला. उचललं. दोन पावलं चालली. ढेकूळ फुटलं. ती थांबली. मग मागं वळून त्या भुग्यात काहीतरी शोधायला लागली.

“धुंडतीया अजून?”

मामा आत आले होते. न विचारता. माझ्या शेजारी जमिनीवर उकिडवे बसले आणि डोळे बारीक करून पेटीत बघायला लागले.

“खाल्लं काय?”

“नाही.”

“पानी?”

“नाही.”

मग मामांनी खांद्यावरच्या घोंगडीची कड ओढली, तिच्यातून लोकरीचे चार धागे उपटले आणि तळहातावर ठेवून अंगठ्यानं मळायला लागले.

“तिच्या बिळातलं जळमाट दी जरा.”

“कशाला?”

“वास पायजे.”

“मामा, काय करताय?”

“दी तर.”

मी चिमट्यानं बिळाच्या तोंडाचं पांढरं अस्तर थोडंसं काढून दिलं. त्यांनी ते लोकरीवर गुंडाळलं आणि परत मळायला लागले. एवढ्या जाड बोटांतून एवढं बारीक काम होतं हे मला पटेना.

“माजी एक म्हस व्हती,” मामा म्हणाले. “चांदी. तिचं रेडकू मेलं तिसऱ्या दिशी. म्हस पान्हा सोडंना. वैरन खाईना. नुसती दाव्याला हिसकं मारायची अन् वरडायची. मग बानं त्या रेडकाचंच कातडं घेतलं, पेंढा भरला, शिवलं अन् तिच्या म्होरं ठिवलं. चाटायला लागली त्येला. खायाला लागली. दूध दिलं दोन महिनं.”

“म्हणजे फसवलं तिला.”

“कुणी?”

“तुम्ही. तुमच्या वडिलांनी. खोटं रेडकू देऊन.”

मामांनी माझ्याकडं बघितलं, बावळटाकडं बघतात तसं.

“म्हस काय येडी हाय व्हय रं? पेंढा कळत न्हाय तिला? रोज खाती ती पेंढा.”

“मग चाटायची कशाला?”

“कुनाला तरी चाटाया पायजे न्हवं!” मामा म्हणाले. “तिला समदं ठावं असतंय. आपल्यालाच वाटतंय फसली.”

त्यांनी गोळा माझ्या हातावर ठेवला. करडा, हरभऱ्याएवढा. वजनच नव्हतं त्याला.

“तूच दी. माज्या चिमट्याला भिईल ती.”

मी झाकण उघडलं. गोळा मी सालीजवळ, तिच्यापासून चार बोटांवर ठेवला. नऊ नंबर पेटीच्या पलीकडच्या टोकाला होती. आली. वाटेत दोनदा थांबली. मग एक पाय गोळ्याला लावला. मग दुसरा.

आणि घेतला. असा झडप घालून घेतला की मामा मागं सरकले. पोटाखाली ओढला, पायांनी फिरवला, परत फिरवला, वळली, धागा सोडला, चिकटवला. दोन पावलं चालून बघितली, नीट बसलाय का ते. मग सरळ टोपणाशी गेली आणि पाणी प्यायली. खूप वेळ पीत होती.

मामा मिशीवरून हात फिरवत होते.

तेवढ्यात फोन वाजला.

मी मामांकडं बघितलं. मामांनी दोन्ही तळहात वर केले.

“हात लोकरीचं झाल्यात माजं,” ते म्हणाले. “तू घी.” आणि उठून बाहेर गेले.

फोन वाजत राहिला. गजाला आपटत होता. मी उचलून कानाला लावला.

“दादा, दिला का गोळा?”

आई. हॅलो नाही, काही नाही; मामाच आहेत असं धरून. वाऱ्याचा आवाज होता लाईनवर, आणि तिच्या मागं कुठंतरी गिरणी चालू होती.

“परवा तुम्ही सांगितल्यापासून तेच डोक्यात आहे बघा. रिकामी नका ठेवू तिला म्हणलं ते त्यासाठीच. कापसाचा नाही ना केला? कापूस पायाला गुंततो. लोकरीचा केला ना?” ती थांबली. “घेतला का तिनं, दादा?”

“घेतला,” मी म्हणालो.

एकच शब्द होता, त्यात लाईनवर वारा. तिनं ओळखला नाही. किंवा ओळखला. हे मला आजपर्यंत कळलेलं नाही आणि मी विचारणार पण नाही.

“लगेच?”

“लगेच.”

“घेणारच.” ती जराशी हसली. “आता घास पण घेईल बघा. माझं बाळ गेलं तेव्हा मी नऊ दिवस तोंडात काही घातलं नव्हतं. समदे समजूत घालून दमले. मग शालन आली कडेगावावरनं, एसटीतनं, अडीच महिन्यांचं पोर घेऊन. माझ्या ओटीत टाकलं आणि म्हणली, अक्के, ह्याला भूक लागलीय. तसं मग बसून कसं राहणार? उठले. त्याला पाजलं. नंतर चुलीपुढं बसून दीड भाकरी खाल्ली मी, दादा. कोरडीच.”

गिरणी थांबली असावी. लाईनवर एकदम शांत झालं.

“दादा?”

“आई,” मी म्हणालो.

दाराबाहेर मामा चूल पेटवायला वाकलेले दिसत होते, पाठमोरे.

“मामा कुठायत?” तिनं विचारलं.

“बाहेर आहेत.”

“त्यांना बोलला असशील तू.”

“बोललो.”

“वाटलंच मला. आता परत बोलू नको. त्यांनी वाईट व्हावं म्हणून नव्हतं केलं ते.”

मी खिडकीचा गज धरून उभा होतो. गज गार होता.

“ऐकतोयस का, सुयोग?”

“ऐकतोय,” मी म्हणालो. “आहे मी. बोल.”

त्या दुपारी मी आणि मामा एका ताटात जेवलो. जेवल्यावर मी टेबलावरचा कागद उघडला आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. अकरा वाक्यं होती. ते प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. उन्हाच्या वाक्याला म्हणाले, “ह्ये लिवलं नसतं तरी चाललं असतं. बरणीतला म्या बी बघितलाय की.” पहिल्या वाक्याला काही म्हणाले नाहीत. मी पण ते जरा घाईतच वाचलं.

माफी मात्र मागितली नाही मी. कागद वाचला, तीच माफी, असं तेव्हा मनाशी धरून चाललो. आता सात वर्षं झाली. मामा दोन वर्षांपूर्वी गेले. मागायला पाहिजे होती.

नऊ नंबरनं दुसऱ्या दिवशी रातकिडा खाल्ला. दिवाळीला चार दिवस सुट्टी मिळाली. पेटी तिथं ठेवायची होती मामांपाशी, ते म्हणाले घेऊन जा, तुझी आय रोज विचारती तिचं. मग मीटरची पेटी मांडीवर घेऊन पाटण ते कऱ्हाड, कऱ्हाड ते विटा. कंडक्टरनं विचारलं काय आहे. म्हटलं मीटर. वळणावळणाला मी बघत होतो. तिनं गोळा सोडला नाही.

आई दारात उभी होती. वाळली होती. मी आत गेलो, पेटी खिडकीत ठेवली, कारण दुसरी मोकळी जागा दिसली नाही, आणि चपला काढायला परत उंबऱ्यापाशी आलो. एक वर्ष पाच महिन्यांनी भेटल्यावर काय बोलायचं ते एसटीत ठरवत होतो. त्यातलं काहीही आठवेना.

आई पेटीवर वाकली. चष्मा वर-खाली केला.

“एवढीशीच होय?” ती म्हणाली. “फोनवर केवढी वाटायची.”

मग मी काही बोलायच्या आत तिनं पेटी दोन्ही हातांनी अलगद, न हलवता उचलली आणि कपाटाखालच्या सावलीत नेऊन ठेवली.

“उन्हात नको,” म्हणाली. “मामा म्हणले होते.”